मुलगा रात्री झोपत नाही, सुरुवात कुठून करायची

ताई, तुमच्या एपिलेप्सी (फिट येण्याचा आजार) असलेल्या मुलाला रात्री झोप येत नाही आणि सासूबाईंना तो हट्ट वाटतो, असं तुम्ही लिहिलंत. अशा पोराची झोप मोडते तो हट्ट नसतो, हे आधी सासूबाईंना नीट सांगा. झोप कमी पडली की फिट यायची शक्यता वाढते आणि रात्री फिट येत असेल तर तिच्यामुळेच परत झोप मोडते, दोन्हीकडून तेच. म्हणून दचकून उठला, हातपाय झटकले की लगेच मोबाइलवर व्हिडिओ काढा, चादर बाजूला करून, चेहरा आणि दोन्ही हात दिसतील असा, कारण डॉक्टरांना तोंडी सांगण्यापेक्षा त्यातून जास्त कळतं. दोन आठवडे वहीत लिहा, कधी झोपला, कितीदा उठला, गोळी किती वाजता दिली.

घोरतो का? श्वास मध्येच अडकतो का? टॉन्सिल किंवा ॲडेनॉइड (नाकाच्या मागच्या गाठी) वाढले असतील तरी असं होतं, ते दाखवाच. झोपताना पाय सारखे हलवत असेल तर फेरिटिनची (शरीरातल्या लोहाच्या साठ्याची) टेस्ट करायची का विचारा, लोह कमी असलं की पाय स्वस्थ बसत नाहीत.

मेलाटोनिन (झोपेच्या हार्मोनची गोळी) मेडिकलमधून स्वतःच्या मनाने आणू नका प्लीज, डोस आणि वेळ न्यूरोलॉजिस्टच ठरवतील. फिटची गोळी तर झोप येते म्हणून अजिबात बंद करायची नाही.

आमच्याकडे ठाण्यात घोडबंदर रोडचे ट्रक रात्रभर चालू, म्हणून पोराचा पलंग आतल्या खोलीत हलवला, जाड पडदे लावले, खूप फरक पडला. सहा ते बारा वर्षांच्या मुलांना ९ ते १२ तास झोप लागते, तुमचा आठवीतला, म्हणजे तेरा-चौदाचा आहे ना, मग ८ ते १० तास, त्यामुळे सकाळचा क्लास असेल तर बॅच बदलून घ्या.