‘संशयित’ नेमकं काय: कार्यक्रम की हेतू?

औसा तालुक्यातल्या एका सरांनी विचारलं आहे. त्यांच्या कनिष्ठ महाविद्यालयात वादविवाद स्पर्धा आहे आणि विषय ठरलाय, ‘देशाच्या संशयित अण्वस्त्र कार्यक्रमामुळे त्याच्यावरील निर्बंध किंवा लष्करी हल्ले समर्थनीय ठरतात का?’ सरांची शंका अशी, की ‘संशयित’ माणसाला लागतो, कार्यक्रमाला लागेल का? आणि ‘निर्बंध’, ‘बंदी’, ‘नाकेबंदी’ यांतलं फलकावर काय लिहायचं?

सर, तुमच्या पहिल्या शंकेतच सगळा वाद दडलाय, म्हणून तिथं जरा जास्त थांबतो.

व्याकरणानं ‘संशयित’ कार्यक्रमालाही लागतो, त्यात अडचण नाही. अडचण अर्थाची आहे. पोलिसांनी ‘एक संशयित ताब्यात घेतला’ असं आपण वाचतो तेव्हा माणूस समोर असतो, त्याचं नावगाव माहीत असतं. संशय एवढाच, की हे त्यानं केलं का. ‘संशयित अण्वस्त्र कार्यक्रम’ म्हटल्यावर मात्र दोन अर्थ निघतात. असा कार्यक्रम आहे की नाही याचाच संशय, हा एक. कार्यक्रम तर आहे, पण तो अस्त्रांसाठी आहे का याचा संशय, हा दुसरा.

दोन्हींची उदाहरणं आपल्या डोळ्यांसमोर घडली आहेत. २००३ साली इराकवर स्वारी झाली तेव्हा संशय पहिल्या प्रकारचा होता. संयुक्त राष्ट्रांचे निरीक्षक तेव्हा इराकमध्ये तपासणी करत होते आणि आणखी काही महिने मागत होते. ते मिळाले नाहीत. पुढे अमेरिकेच्याच तपास पथकानं २००४ च्या अहवालात लिहिलं, की इराकचा अणुकार्यक्रम १९९१ च्या युद्धानंतरच संपला होता.

इराणचं तसं नाही. तिथल्या नतांझचा अणुप्रकल्प २००२ सालीच जगापुढे आला. तिथं सेंट्रिफ्यूज, म्हणजे युरेनियम गरगरा फिरवणारी यंत्रं बसवली होती याबद्दल कुणालाच संशय नाही, इराणलाही नाही. संशय हेतूचा आहे, आणि तो काही हवेतून आलेला नाही. निसर्गात मिळणाऱ्या युरेनियममध्ये उपयोगी भाग हजारात सातच असतो. सुपात धान्य पाखडून हलकं-जड वेगळं करावं तसं फिरवून फिरवून त्याचं प्रमाण वाढवतात. (वर्तमानपत्रं याला ‘शुद्धीकरण’ म्हणतात, ते चूक. मळ काढलेला नसतो, एका घटकाचा वाटा वाढवलेला असतो. ‘समृद्धीकरण’ बरोबर.) वीजनिर्मितीला साधारण ३ ते ५ टक्के पुरतात, बाँबला ९० च्या आसपास लागतात. मोठ्या देशांशी झालेल्या २०१५ च्या अणुकरारात इराणला ३.६७ टक्क्यांची मर्यादा होती. २०१८ साली अमेरिका करारातून बाहेर पडली आणि २०२१ पासून इराणनं ६० टक्क्यांपर्यंत मजल मारली. जून २०२५ मध्ये असा साठा ४०० किलोच्या वर होता. साध्या विजेसाठी कुणी ६० टक्क्यांपर्यंत जात नाही. पण त्याच महिन्यात आंतरराष्ट्रीय अणुऊर्जा संस्थेच्या प्रमुखांनी हेही सांगितलं, की अस्त्र बनवण्याचा पद्धतशीर प्रयत्न चालू असल्याचा पुरावा आमच्याकडे नाही. ही दोन्ही वाक्यं एकाच वेळी खरी आहेत. मुलांना दोन्ही सांगा.

म्हणून विशेषणाची जागा बदलावी असं मला वाटतं. ‘अण्वस्त्रांचा संशय असलेला अणुकार्यक्रम’. शब्द वाढले, पण संशय कशाचा ते कळलं. ‘संशयित अण्वस्त्र कार्यक्रम’मध्ये ‘अण्वस्त्र’ हा शब्द सिद्ध झाल्यासारखा मध्ये बसतो, आणि भाषणाच्या दुसऱ्या मिनिटाला मुलं ‘संशयित’ गाळून नुसतं ‘अण्वस्त्र कार्यक्रम’ म्हणू लागतात. बातम्यांत रोज हेच होतं. उत्तर कोरियानं ऑक्टोबर २००६ मध्ये चाचणी केली, त्या दिवशी त्याच्यापुरता हा शब्द हक्कानं गळून पडला. इतर ठिकाणी तो आपण आपल्या हातानं गाळू नये.

इथंच ‘शंका’ आणि ‘संशय’ यांतला फरकही लक्षात घ्या. शंका विचारतात, ती फिटते. संशय घेतात, तो बळावतो. निरीक्षक जाऊन मोजमाप करतात, कॅमेरे लावतात, नमुने घेतात, ते शंका विचारणं झालं. निरीक्षकांना बाहेर काढलं, मग ते यजमानानं काढलेलं असो की बाँब पडायला लागल्यामुळे, की मागं नुसता संशय उरतो.

आता ‘निर्बंध’. तुमच्या जिल्ह्यात हा शब्द समजावून सांगायला इराणपर्यंत जायची गरज नाही. आमच्या गल्लीतल्या एका निवृत्त कंडक्टरकाकांची फंडाची सगळी रक्कम एका सहकारी बँकेत होती. एके सकाळी बँकेच्या शटरवर कागद चिकटला, ‘रिझर्व्ह बँकेने निर्बंध घातले आहेत.’ बँक चालू, पासबुकात आकडा तसाच, पण ठरवून दिलेल्या रकमेपलीकडे पैसा काढता येत नाही. काका रोज जाऊन तो कागद वाचून यायचे. घोळ केला संचालकांनी, आणि मुलीच्या लग्नाची तारीख पुढे ढकलली काकांनी. देशावर निर्बंध येतात तेव्हाही बहुतेक असंच होतं. परदेशातली खाती गोठतात, व्यवहार अडतो, आणि झळ आधी पोचते ती ज्यांनी काही ठरवलं नव्हतं त्यांना.

‘बंदी’ म्हणजे सरसकट मनाई. ‘निर्बंध’ म्हणजे बांध घातलेली मोकळीक. फरक किती बारीक आहे ते आपल्या मोंढ्यानं पाहिलंय. इराण आपल्या सोयापेंडीचं मोठं गिऱ्हाईक होतं. अमेरिकेच्या निर्बंधांत खाद्यमालावर बंदी नव्हती. पण भारत इराणी तेलाचे पैसे रुपयांत इथल्या बँकेत भरायचा आणि त्याच रुपयांतून इराण आपला माल घ्यायचा. मे २०१९ पासून तेल बंद झालं, खात्यातले रुपये आटत गेले आणि पेंडीचे पैसे येण्याची वाट अरुंद झाली. मालावर बंदी नसताना व्यापार अडला. या स्थितीला ‘निर्बंध’ हाच शब्द नेमका.

आणि हे आपल्यावरही आलंय. मे १९९८ मध्ये पोखरणला चाचण्या झाल्या, लगेच अमेरिका, जपान वगैरेंनी निर्बंध घातले. अमेरिकेचे बरेचसे २००१ मध्ये उठले. तेव्हाची आपली वाक्यं आठवून पाहा. आपण ‘घातले’ क्वचित म्हणालो, ‘लादले’ म्हणालो. क्रियापद बाजू सांगतं. ‘घालणे’ तटस्थ, ‘लागू करणे’ सरकारी, ‘लादणे’ म्हणजे अन्याय झाला हे आधीच ठरलं. फलकावर ‘घालणे’ ठेवा, ‘लादणे’ हे ज्याच्या त्याच्या भाषणात येऊ द्या.

‘नाकेबंदी’ मात्र निर्बंधाला पर्याय म्हणून वापरू नका. ती बळानं वाट अडवणं आहे. संयुक्त राष्ट्रांच्या आमसभेनं १९७४ साली आक्रमणाची व्याख्या केली, त्यात दुसऱ्या देशाच्या बंदरांची नाकेबंदी आक्रमणातच धरली आहे. माझी आजी १९४८ च्या उन्हाळ्याबद्दल सांगायची, “वाटा बंद झाल्या, मिठाचा खडा दिसंना.” मराठवाडा तेव्हा निजामाच्या हैदराबाद संस्थानात होता. संस्थान आणि भारत यांच्यात जैसे थे करार चालू होता, निजाम सरकार नाकेबंदीची तक्रार करत होतं आणि दिल्ली ती नाकारत होती. आजीला शब्दाशी घेणं नव्हतं, आमटी अळणी होती.

मग सप्टेंबर आला. १३ ते १७ सप्टेंबर, रणगाडे आणि विमानांसह भारतीय सैन्य आत आलं, आणि त्याचं नाव पडलं ‘पोलीस ॲक्शन’. अजूनही आपल्याकडे म्हातारी माणसं ‘पोलीस ॲक्शनच्या साली जन्म’ असं वय सांगतात. रझाकारांच्या जाचातून सुटका झाली, ती व्हायलाच हवी होती, १७ सप्टेंबरला मी दरवर्षी झेंड्याला जातो. पण पोलीस म्हटल्यानं सैन्याचं पोलीस होत नाही. त्यानंतरच्या आठवड्यांत उस्मानाबाद, नांदेड, बिदर, गुलबर्गा या भागांत जी माणसं मारली गेली, त्यांची नोंद नेहरूंनी पाठवलेल्या सुंदरलाल समितीनं केली, आणि तो अहवाल कित्येक दशकं दाबून राहिला. सौम्य नावाखाली काय झाकलं जातं हे मराठवाड्याला शिकवावं लागत नाही.

म्हणूनच ‘प्रतिबंधात्मक हल्ला’ वाचला की मला खटकतं. प्रतिबंधात्मक कारवाई म्हणजे गणपतीच्या आधी ठाण्यात बोलावून हमीपत्र लिहून घेणं. त्याच शब्दाच्या पंखाखाली बाँबफेक आणून बसवू नये. शिवाय या एका नावात दोन निराळ्या गोष्टी कोंबल्या जातात. उगारलेला हात वरच्या वर धरणं ही एक, आणि उद्या उगारेल म्हणून आज हात तोडणं ही दुसरी. इस्रायलनं ७ जून १९८१ ला इराकची ओसिराक अणुभट्टी पाडली, ती दुसऱ्या प्रकारात मोडते. सुरक्षा परिषदेनं एकमतानं निषेध केला, त्यात अमेरिकाही होती. आणि १९९१ नंतर निरीक्षक आत गेले तेव्हा इराकचा याहून मोठा, लपवून चालवलेला कार्यक्रम सापडला. भट्टी पडली, इच्छा पडली नव्हती. ‘हल्ला’ला ‘हल्ला’च म्हणा, पुढे हवं तर कारण जोडा.

राहिला ‘समर्थनीय’. समर्थन वकील कशाचंही करतो. तुम्हाला विचारायचंय ते योग्य आहे का हे, म्हणून ‘न्याय्य’ घ्या. आणि मधला ‘किंवा’ काढा. निर्बंध उठवता येतात, बाँब परत घेता येत नाही, दोघांना एका तागडीत घालून एकच हो-नाही मागू नका. मी असं लिहीन:

‘अण्वस्त्रं बनवत असल्याच्या संशयावरून एखाद्या देशावर निर्बंध घालणं न्याय्य आहे का? आणि त्याच संशयावरून हल्ला करणं?’

माझं उत्तर विचाराल तर पहिल्याला हो, पण तपासणीला दार उघडलं की ते उठतील असं आधी लिहून दिलेलं असावं आणि औषध-अन्नाच्या पैशाची वाट खरोखर मोकळी असावी. दुसऱ्याला नाही. मुलांनी उलट मांडलं तरी चालेल, दोन्ही उत्तरं वेगळी देता आली पाहिजेत एवढंच.

आणि फलक रंगवणाऱ्याला अक्षरं लिहून द्या. अणु अधिक अस्त्र, ‘अण्वस्त्र’: ‘ण’ अर्धा, त्याला ‘व’ जोडलेला, शेवटी ‘स्त्र’. तोंडी सांगितलं की हमखास ‘अनवस्त्र’ येतं.