क्रीडा पत्रकाराच्या कारकिर्दीतली खरी आणि रंजक गोष्ट कशी निवडावी?

तुमचा प्रश्न असा आहे: परभणीच्या तुमच्या महाविद्यालयात 29 ऑगस्टला क्रीडा दिनाचं भित्तीपत्रक लागणार आहे, त्यात एका क्रीडा पत्रकाराबद्दल चार-पाच ओळी तुमच्या वाट्याला आल्या आहेत, आणि नेटवरची माहिती एकमेकींशी जुळत नाही. मी मराठवाड्यातल्याच एका दैनिकात खेळाचं पान बघतो. हा विषय माझ्या जिव्हाळ्याचा आहे, म्हणून जरा सविस्तर लिहितो.

आधी पुरस्कारांची यादी बाजूला ठेवा. पुरस्कार खरे असतात, पण ते वाचून त्या माणसानं नेमकं काय केलं हे कळत नाही. 'पहिला', 'एकमेव', 'सर्वाधिक' हे शब्दही नकोत. 'पहिला' म्हणायचं तर त्याच्याआधी कुणीच नव्हतं हे दाखवावं लागतं, आणि ते दाखवता दाखवता भलेभले थकतात. त्यापेक्षा अशी गोष्ट शोधा जिच्यात तो पत्रकार काहीतरी करताना दिसतो आणि जिचा पुरावा त्याच काळातल्या छापील कागदावर आहे. तीस वर्षांनंतरच्या सत्कारात सांगितलेला किस्सा ऐकायला गोड लागतो, पण पुरावा म्हणून तो कच्चाच.

तुमच्या कार्यक्रमाची तारीखच बघा. 29 ऑगस्ट हा मेजर ध्यानचंद यांचा जन्मदिवस, 1905 चा. त्याच्या तेवीस वर्षं आधी, 29 ऑगस्ट 1882 ला, लंडनच्या ओव्हल मैदानावर ऑस्ट्रेलियानं इंग्लंडला 7 धावांनी हरवलं. इंग्लंडला जिंकायला फक्त 85 हव्या होत्या आणि डाव 77 वर आटोपला. ऑस्ट्रेलियाचा गोलंदाज स्पॉफर्थ यानं सामन्यात 14 बळी घेतले. शनिवारी, 2 सप्टेंबरला, 'स्पोर्टिंग टाइम्स'मध्ये इंग्लिश क्रिकेटची निधनवार्ता छापून आली. मजकुराचा आशय असा, की देहाचं दहन होईल आणि राख ऑस्ट्रेलियाला नेण्यात येईल. ती लिहिली होती रेजिनाल्ड शर्ली ब्रूक्स या पत्रकारानं. इंग्लंड-ऑस्ट्रेलियाच्या ज्या कसोटी मालिकेला आज आपण ॲशेस, म्हणजे राख, म्हणतो तिचं नाव त्या छोट्याशा चौकटीतून आलंय.

इथे 'क्रिकेटची पहिली निधनवार्ता' असं लिहायचा मोह होईल. तो आवरा. कारण दोनच दिवस आधी, गुरुवारी 31 ऑगस्टला, 'क्रिकेट' नावाच्या साप्ताहिकात त्याच पराभवावर तशीच एक चौकट येऊन गेली होती. राखेचा उल्लेख मात्र तिच्यात नव्हता. म्हणजे ब्रूक्सबद्दल खरं विधान एवढंच, की राखेची गोष्ट त्यानं लिहिली आणि तेच नाव टिकलं. 'पहिला' काढला तरी गोष्टीची गंमत कुठेही कमी होत नाही, उलट ती पक्की होते.

आणि खरी मजा पुढे आहे. त्या 'क्रिकेट' साप्ताहिकाचे संपादक होते चार्ल्स ऑल्कॉक. मला कुणी एकच क्रीडा पत्रकार निवडायला सांगितला तर मी यांनाच निवडेन. हे फुटबॉल असोसिएशनचे सचिवही होते. 20 जुलै 1871 ला 'द स्पोर्ट्समन' या वर्तमानपत्राच्या कचेरीत बैठक होती, तिथे त्यांनी सुचवलं की संघांसाठी एक चषक ठेवावा. तोच एफए कप. पुढच्या वर्षी 16 मार्चला ओव्हलवर त्याचा अंतिम सामना झाला, तो वाँडरर्सनी 1-0 नं जिंकला, आणि वाँडरर्सचे कर्णधार होते स्वतः ऑल्कॉक! चषकाची कल्पना मांडणारा पत्रकारच तो उचलून घरी गेला. पुढे सरे क्लबचे सचिव असताना 1880 मध्ये इंग्लंडच्या भूमीवर ऑस्ट्रेलियाविरुद्ध कसोटी भरवण्यातही त्यांचाच पुढाकार होता, तीही ओव्हलवरच. हे सगळं भित्तीपत्रकात कोंबू नका. वर्तमानपत्राच्या कचेरीतली ती बैठक आणि आठ महिन्यांनी जिंकलेला चषक, एवढंच घ्या. दोन तारखा, एक माणूस, आणि वाचणारा थांबतोच.

असाच आणखी एक माणूस म्हणजे 'लोतो' या फ्रेंच दैनिकाचा तरुण वार्ताहर जिओ लफेव्ह्र. अख्ख्या फ्रान्सला वळसा घालणारी सायकल शर्यत भरवावी, ही कल्पना त्यानं संपादकांपुढे ठेवली. 1903 च्या पहिल्या शर्यतीत तो कधी आगगाडीनं तर कधी सायकलनं स्पर्धकांच्या मागे फिरत होता, व्यवस्थाही बघत होता आणि बातम्याही पाठवत होता. खेळाची बातमी करणाऱ्या कुणालाही हे वाचून बळ येईल.

नेव्हिल कार्डस यांच्याबाबत मात्र जपून. 'मँचेस्टर गार्डियन'मध्ये ते क्रिकेटवरही लिहीत आणि संगीतावरही, हे खरं आहे आणि तेवढंच पुरेसं रंजक आहे. पण त्यांनी खेळाडूंच्या तोंडी घातलेली वाक्यं उचलू नका. त्यातली काही आपणच रचली, हे त्यांनी पुढे कबूल केलं होतं. जन्मसालही ते 1889 सांगत, दाखल्यावर 1888 आहे. माणूस स्वतःबद्दल सांगतो तेही पडताळावं लागतं, ते असं.

मराठीत वि. वि. करमरकर हे नाव तुमच्या डोळ्यांसमोर आलंच असेल. मार्च 2023 मध्ये ते गेले. त्यांच्याविषयी लिहायचं तर बिरुदं टाळून त्यांनी 'महाराष्ट्र टाइम्स'मध्ये खेळाला रोजची हक्काची जागा मिळवून दिली, हे लिहा. द्वारकानाथ संझगिरींची नोकरी मुंबई महापालिकेत अभियंत्याची होती आणि लिहिणं क्रिकेटवर, हेही चार ओळींत छान बसतं.

पण मला विचाराल तर परभणीच्या भिंतीवर परभणीकडचाच माणूस हवा. आपल्याकडे तालुक्यातालुक्यांत खेळाच्या बातम्या देणारी माणसं होती आणि आहेत. कुणी शाळेत शिकवायचं, कुणाचं दुकान होतं. मोबाइल नव्हता तेव्हा बातमीचं पाकीट संध्याकाळच्या एसटीनं जिल्ह्याच्या ठिकाणी यायचं. आत रेघी कागदावर निकाल. खो-खोचा सामना असेल तर कोणता खेळाडू किती मिनिटं पळाला ते नावासमोर लिहिलेलं, कबड्डी असेल तर मध्यंतराचे गुण वेगळे आणि शेवटचे वेगळे, लोण कितव्या मिनिटाला पडला तेही. छापून यायच्या दोन ओळी, पण कागदावर सगळा सामना असायचा. धाराशिवची सारिका काळे आणि पाटोद्याचा राहुल आवारे यांना 2020 सालचा अर्जुन पुरस्कार मिळाला, आष्टी तालुक्यातल्या मांडव्याचा अविनाश साबळे राष्ट्रकुलाचं रौप्य घेऊन आला, तेव्हा सगळ्यांनी पानंच्या पानं लिहिली. पण अशा खेळाडूंची नावं शाळकरी वयात ज्यांनी दोन ओळींत लिहिली असतील, ते वार्ताहर तुम्हाला हाकेच्या अंतरावर भेटतील. त्यांच्या कारकिर्दीतली खरी गोष्ट तीच.

तिथेही पडताळणी करता येते. समजा एखाद्या ज्येष्ठ वार्ताहरानं सांगितलं, की बीडला जन्मलेला संजय बांगर आणि औरंगाबादचा इक्बाल सिद्दिकी एकाच कसोटीत पहिल्यांदा उतरले, ती बातमी मी केली होती. धावफलक उघडा. डिसेंबर 2001, मोहाली, इंग्लंडविरुद्ध. दोघांचंही पदार्पण त्याच सामन्यात आहे. शेवटी 5 धावा हव्या असताना गोलंदाज सिद्दिकीला सलामीला पाठवलं आणि त्यानं नाबाद 5 केल्या, हेही तिथे दिसेल. सामन्याचं ठरलं. आता बातमी त्यांचीच होती का, हे कात्रण सांगेल.

जुन्या अंकांत शोधताना छत्रपती संभाजीनगर, धाराशिव ही नावं सापडणार नाहीत. औरंगाबाद, उस्मानाबाद असंच बघा. अंकाची तारीख सामन्याच्या दुसऱ्या दिवसाची असते, तालुक्याच्या बातमीला आणखी एखादा दिवस लागलेला असतो, म्हणून तारीख एकदोन दिवसांनी पुढे दिसली तर दचकू नका. बहुतेक तालुका वार्ताहरांच्या बातमीवर नाव नसायचं, नुसतं गावाचं नाव आणि 'वार्ताहर' असायचं, तेव्हा त्या काळात त्या गावाला दुसरा वार्ताहर होता का, हे आणखी कुणाला तरी विचारून घ्या. आणि कात्रणाचा फोटो काढायची परवानगी मिळाली तर नुसत्या बातमीचा काढू नका. अंक जपलेला असेल तर वरची तारीख आणि दैनिकाचं नाव दिसेल असा अख्ख्या पानाचा काढा.