युरॉलॉजी मुलीसाठी की पोर्टफोलिओसाठी?

नमस्कार,

तुमचं पत्र मिळालं. मुलगी एमबीबीएसच्या शेवटच्या वर्षाला आहे, तुम्ही बरीच वर्षं शेअर बाजारात आहात, आणि जगभर म्हातारी माणसं वाढतायत म्हणजे प्रोस्टेटचे, मुतखड्याचे, लघवीच्या त्रासाचे पेशंट वाढणारच, तेव्हा तिने युरॉलॉजी करावी आणि तुम्ही त्याच क्षेत्रातले शेअर घेऊन ठेवावेत, असा तुमचा बेत आहे. ऑपरेशनचा रोबोट बनवणारी इंट्युटिव्ह सर्जिकल, वैद्यकीय उपकरणांच्या बॉस्टन सायंटिफिक आणि कोलोप्लास्ट अशी यादीही दिलीत. कंपन्यांचा अभ्यास केलाय हे दिसतंय. पण एवढ्या लांब पत्रात मुलगी एकाच वाक्यात भेटते, तेही अगदी शेवटी: "तिला लहान मुलांच्या वॉर्डात बरं वाटतं म्हणते, पण ते वयच तसं असतं."

मला काळजी वाटली ती या वाक्याची. ते वय तसं नसतं हो. तिने सर्जरी, मेडिसिन, बालरोग अशा पोस्टिंग केल्यात, रात्रीच्या ड्युटीला सीनियरच्या मागे फिरलीय, रडणारी पोरं आणि घाबरलेले आईबाप पाहिलेत आणि त्यानंतर ती म्हणतेय की मला इथे बरं वाटतं. हे ऐकीव मत नाही, बघून झालेलं मत आहे. तुम्ही एखाद्या कंपनीचे सगळे रिपोर्ट वाचून मत बनवलंत आणि कोणी म्हणालं की हे वयच तसं असतं, तर तुम्हाला कसं वाटेल?

दुसरं वाक्य तर फारच खटकलं. "ती आत असली की कुठलं मशीन चालतंय कुठलं नाही हे आपल्याला आधी कळेल." हे आधी डोक्यातून काढून टाका, अगदी आजच. डॉक्टर एखाद्या उपकरणाच्या ट्रायलमध्ये असेल आणि जाहीर न झालेले निकाल घरी सांगून त्यावर शेअर घेतले-विकले गेले तर तो सरळ गुन्हा आहे, आणि त्यात तुमच्याआधी तिचं करिअर जाईल. गुन्ह्याचं सोडा, साधं बघा. समोर प्रोस्टेटचा पेशंट बसलाय, त्याला गोळ्या द्यायच्या, दुर्बिणीतून ऑपरेशन करायचं की रोबोटने करायचं हे तिने ठरवायचंय, आणि त्याच वेळी तिला माहितीय की बाबांचे पैसे रोबोटच्या कंपनीत आहेत. हे ओझं तिच्यावर कशाला? अमेरिकेत कंपन्यांनी डॉक्टरांना काय काय दिलं याचा तपशील 2014 पासून सगळ्यांना बघता येतो, तो उगाच नाही.

आता तुमचा एक गैरसमज, कारण सगळा बेत त्याच्यावरच उभा आहे. तुम्ही धरून चाललाय की पेशंट वाढले की डॉक्टरचं काम वाढतं आणि कंपनीचा शेअरही वाढतो, म्हणजे तिघं एकत्रच वर जातात. युरॉलॉजीचाच इतिहास बघा, तसं झालेलं नाही. 1980 मध्ये म्युनिकला पहिल्यांदा शॉकवेव्हने बाहेरूनच मुतखडा फोडला आणि पोट उघडून खडा काढायची ऑपरेशनं काही वर्षांत जवळजवळ संपली, मग दुर्बिणी बारीक झाल्या, लेझर आलं आणि शॉकवेव्हचंही बरंच काम तिकडे गेलं. डॉक्टर नवं शिकून टिकला, पण ज्याने शॉकवेव्ह मशीनवरच पैसे लावले असतील त्याचं काय? नव्वदच्या दशकात प्रोस्टेटसाठी फिनास्टेराइड आणि टॅम्सुलोसिन आली तेव्हा उलटं झालं, औषध कंपन्यांनी कमावलं आणि प्रोस्टेटची ऑपरेशनं कमी झाली, पेशंट तेवढेच असून. 2012 मध्ये अमेरिकेतल्या तज्ज्ञ समितीने सरसकट पीएसए तपासणी (प्रोस्टेटच्या कॅन्सरसाठीची रक्ततपासणी) करू नका म्हटलं, 2018 मध्ये 55 ते 69 वयाच्या पुरुषांनी डॉक्टरशी बोलून ठरवावं असं बदललं, एका शिफारशीने किती पेशंट दारात येणार हे बदलतं. आणि तुमच्या यादीतलंच सांगते, खाली सरकलेलं मूत्राशय किंवा गर्भाशय सावरायला योनीमार्गातून बसवायची जाळी 2019 मध्ये अमेरिकेच्या एफडीएने, म्हणजे औषधं आणि उपकरणांवर देखरेख ठेवणाऱ्या सरकारी संस्थेने, विकायची बंद करायला लावली, तेव्हा ती विकणाऱ्या कंपन्या होत्या बॉस्टन सायंटिफिक आणि कोलोप्लास्ट.

शिवाय तुम्ही ज्याला युरॉलॉजीचे शेअर म्हणताय ते तसे नाहीतच. इंट्युटिव्हचा रोबोट प्रोस्टेटच्या कॅन्सरच्या ऑपरेशनवर मोठा झाला हे खरं, पण आज अमेरिकेत त्याचं जास्त काम जनरल सर्जरीत आहे, आणि कमाईचा मोठा भाग मशीनपेक्षा परत परत घ्याव्या लागणाऱ्या अवजारांतून येतो. बॉस्टन सायंटिफिकचा मोठा धंदा हृदयाचा. कोलोप्लास्टचं बरंचसं स्टोमा बॅग (पोटावर लावायची मलमूत्राची पिशवी) आणि कॅथेटर (लघवीची नळी), तिथे मागणी मणक्याला इजा झालेल्या माणसांकडूनही येते, ऑपरेशनचा संबंधच नाही. निव्वळ युरॉलॉजीच्या छोट्या कंपन्या असतात पण त्यांना मोठ्या कंपन्या गिळतात, मूत्राशयाच्या नसेला उत्तेजना देणारं यंत्र बनवणारी अ‍ॅक्सॉनिक्स 2024 मध्ये बॉस्टनने सुमारे 3.7 अब्ज डॉलरला घेतली. तुम्हाला यात रस आहे ना, मग खुशाल अभ्यास करा, चांगला विषय आहे, पण तुमचा तुम्ही करा. शेअर पटला नाही तर उद्या विकता येतो, तिला सहा वर्षांची रेसिडेन्सी विकता येणार नाही.

युरॉलॉजी वाईट आहे असं मी अजिबात म्हणत नाहीये. मुतखडा, प्रोस्टेट, मूत्राशय, किडनी, कॅन्सर, किडनी ट्रान्सप्लांट, पुरुषांमधलं वंध्यत्व, बायकांचा लघवीवर ताबा नसण्याचा त्रास, केवढी विविधता आहे, आणि बरेच पेशंट लाजेने वर्षानुवर्षं गप्प बसलेले असतात, त्यांना बरं करण्यात समाधान आहे. रस्ता माहितीचाच आहे: नीट पीजी ही प्रवेश परीक्षा, तीन वर्षं एमएस जनरल सर्जरी, मग नीट एसएस ही पुढची प्रवेश परीक्षा आणि तीन वर्षं युरॉलॉजीतली एमसीएच पदवी. पण आधीची तीन वर्षं तिला अपेंडिक्स, हर्निया, अपघात सगळं करावं लागणार, आणि ऑपरेशन थिएटरमध्ये उभं राहायची मुळातच आवड नसेल तर ती तिथेच कोमेजेल.

लहान मुलांची युरॉलॉजी असते, हे तुम्ही शोधून काढालच. कृपा करून ते तिच्यापुढे तोडगा म्हणून ठेवू नका. तोही सर्जरीचाच रस्ता आहे, आणि मुलांच्या वॉर्डात तिला नक्की काय आवडतं, ऑपरेशन की निदान की आईबापांशी बोलणं, हे आपल्या दोघांनाही माहीत नाही. तिला विचारलंयत का कधी?

इंटर्नशिप संपेपर्यंत घरात ब्रँचचा विषय काढू नका. सर्जरीच्या पोस्टिंगला तिला रस वाटला तर ती स्वतःहून बोलेल. आणि मला पुढचं पत्र तिने लिहावं, तिच्या शब्दांत, पाठवण्याआधी तुम्हाला न दाखवता. मार्कांचं, सीट्सचं, पैशाचंही मी तिच्याशी मोकळेपणाने बोलेन.