इंग्रजीत ‘ळ’ आहे कुठे?

परीक्षा जवळ आल्या की जळगावात माझ्याकडे हे गाऱ्हाणं हमखास येतं : “इंग्रजीचा लेखी पेपर निघतो हो मॅडम, तोंडीत मात्र तोंडच उघडत नाही.” पारोळा तालुक्यातला एक मुलगा हेच घेऊन आला. (ओळख पटू नये म्हणून तपशील बदललेत.) पदवीचं शेवटचं वर्ष, शेतात कापूस, घरात अहिराणी. “माझे उच्चार गावठी आहेत, शून्यच पडेल.”

पहिल्या भेटीत मी त्याला दीर्घ श्वास वगैरे शिकवलं. वेळ वाया गेला.

दुसऱ्यांदा मोबाइलवर रेकॉर्डिंगच लावलं. आयईएलटीएस या इंग्रजीच्या आंतरराष्ट्रीय परीक्षेत तोंडीच्या मधल्या टप्प्यात असतं तसं : एक मिनिट तयारी, मग दोन मिनिटांपर्यंत बोलणं. विषय, कापूस वेचणी. चाळीस सेकंदांत गडी गप्प.

मग कागदावर चार रकाने पाडले. त्या परीक्षेत ओघ व सुसंगती, शब्दसंपत्ती, व्याकरण आणि उच्चार या चौघांना सारखंच वजन असतं. नऊपैकी स्वतःला मार्क दे म्हटलं, तर उच्चाराला एक! मला मात्र त्याचा शब्द न् शब्द कळला होता. गाडी अडत होती ती दुसरीकडेच. क्रियापद चुकलं असं वाटलं की तो वाक्य अर्ध्यात तोडून पुन्हा पहिल्यापासून म्हणायचा.

“गावठी कोण म्हणालं तुला?”

बराच वेळ काही बोलला नाही. मग निघालं. पहिल्या वर्षी, तेही मराठीच्या तासाला, ‘शाळा’ऐवजी ‘शाया’ म्हणाला आणि वर्ग हसला. अहिराणीत ‘ळ’चा ‘य’ होतो, डोळ्याचा डोया होतो, त्यात हसण्यासारखं काय?

“अरे, इंग्रजीत ‘ळ’ आहे कुठे?” मी म्हटलं. तेव्हा तो पहिल्यांदा हसला.

रोज संध्याकाळी एकच विषय तीनदा बोलायचा, चुकलं तरी मागे वळायचं नाही, एवढंच काम दिलं. आणि सरांना विचारायला लावलं की तोंडीचे मार्क कशाकशाला आहेत. आपल्याकडे पुष्कळदा एकच ढोबळ आकडा देतात. पोराला कळतच नाही कुठे गेले ते.

महिन्याने त्याचा व्हॉइस मेसेज आला, पावणेदोन मिनिटांचा. कापसावरच. दोनदा ‘पिक्ड’च्या जागी ‘पिक’ म्हणाला आणि तसाच पुढे गेला.