आयसीयूत नव्याने रुजू होतेय, टीममध्ये कशी मिसळू? इमर्जन्सीत सीनियर ओरडतात म्हणे

तुम्ही पुढच्या महिन्यात गोव्यातल्या एका आयसीयूत स्टाफ नर्स म्हणून लागताय आणि विचारताय, मिसळून जायचं कसं. मिसळण्याचं सोडा. चहाला रोज एकत्र बसणारी माणसंही अरेस्टमध्ये, म्हणजे पेशंटचं हृदय थांबल्यावर, एकमेकांच्या अंगावर धावून जातात, कारण कोणी काय करायचं ते ठरलेलं नसतं. टीमवर्क हा स्वभावाचा भाग आहे, हे मला अजिबात मान्य नाही. ड्यूटी सुरू होताना कामं वाटून घेतली की ते होतं, नाही घेतली की होत नाही.

पहाटे तीनला सहा नंबरच्या बेडवर व्हीएफ आली, म्हणजे हृदय ठोके न देता नुसतं थरथरतंय, असं धरा. नाडी नाही. ठरलेलं नसेल तर पाच जण धावतात आणि पाचही जण डोक्याकडे गर्दी करतात. ठरलेलं असेल तर जवळची सिस्टर हाक मारते आणि तिथेच कॉम्प्रेशन, म्हणजे छाती दाबणं, सुरू करते: मिनिटाला १०० ते १२०, पाच ते सहा सेंटिमीटर खोल, दर वेळी छाती पूर्ण वर येऊ देऊन. दुसरी क्रॅश कार्ट (इमर्जन्सी सामानाची ट्रॉली) आणून छातीवर शॉकचे पॅड लावते आणि एअर मॅट्रेसमधली हवा झटकन सोडणारा सीपीआर व्हॉल्व्ह ओढते. हा व्हॉल्व्ह हमखास विसरला जातो आणि सगळा जोर गादीत जिरतो. तिसरा अंबूवर, म्हणजे हाताने दाबून श्वास देण्याच्या पिशवीवर. श्वासनलिकेत नळी नसेल तर ३० दाबांना २ श्वास, नळी पडली की ६ सेकंदांनी एक. घाईत अंबू भराभर दाबला जातो, छातीतला दाब वाढतो आणि हृदयाकडे परतणारं रक्त कमी होतं. चौथी औषधांवर. पाचवी कागद आणि घड्याळ घेऊन. डॉक्टर पायथ्याशी, हात मोकळे ठेवून.

डिफिब (शॉक देणारं यंत्र) २०० ज्यूलला चार्ज होईपर्यंत दाब चालूच. मग सगळे बाजूला, ऑक्सिजन बाजूला, शॉक, आणि लगेच हात परत छातीवर. नाडी चाचपत बसायचं नाही. दोन मिनिटांनी माणूस बदलायचा, खंड दहा सेकंदांच्या आत. दुसऱ्या शॉकनंतर अ‍ॅड्रेनलिन १ मिलिग्रॅम, मागून २० मिली सलाईन आणि हात उचलून धरायचा. पुढचा डोस ३ ते ५ मिनिटांनी.

"कोणीतरी अ‍ॅड्रेनलिन द्या" ही ऑर्डरच नव्हे. एक तर कोणीच देत नाही, नाहीतर दोघी देतात. नाव घेऊन सांगायचं, ऐकणारीने औषध आणि डोस परत म्हणायचा, दिल्यावर "अ‍ॅड्रेनलिन एक मिलिग्रॅम दिलं, ३:०७" असं मोठ्याने सांगायचं. आपल्याकडे एकाच बेडभोवती कोकणी, मराठी, हिंदी, मल्याळम चालू असतं. फिफ्टीन आणि फिफ्टी गडबडीत सारखेच ऐकू येतात, म्हणून "वन-फाइव्ह" म्हणा.

आता खरा मुद्दा. लिहिणाऱ्या सिस्टरकडे बोट दाखवून "ती नुसती उभी आहे, तिला कॉम्प्रेशनला घ्या" म्हणणारे सीनियर तुम्हाला भेटतील. ते चुकतात. धावपळीत कोणालाच वेळेचं भान राहत नाही. दोन मिनिटांची चार होतात, दाबणाऱ्याचे हात थकून खोली कमी होते आणि ते त्याच्या स्वतःच्याही लक्षात येत नाही. "दोन मिनिटं झाली, बदला", "अ‍ॅड्रेनलिनला चार मिनिटं झाली" हे ओरडून सांगणारी ती एकटीच असते, आणि कन्सल्टंट बोलत असला तरी तिने मध्येच बोललं पाहिजे. माणसं कमी पडली तर वॉर्डबॉयला कॉम्प्रेशन शिकवा, तिला हलवू नका. तसंच, स्वतः नळी घालायला वाकलेल्या डॉक्टरला मॉनिटर दिसत नाही. नळी दुसऱ्याला घालू द्यावी, नाहीतर सूत्रं कोणाकडे ते बोलून द्यावं.

ओरडण्याबद्दल म्हणाल तर आवाज चढला म्हणून मनाला लावून घेऊ नका. अपमान केला तर दुसऱ्या दिवशी इन्चार्ज सिस्टरला सोबत घेऊन बोला, बेडजवळ नको. पण ऑर्डर चुकीची वाटली तर तिथल्या तिथे बोला. कोणी पोटॅशियम क्लोराइड तसंच पुश करायला सांगितलं तर "सर, डायल्यूट न करता?" असं दोनदा विचारा, आणि तोवर अँप्यूल फोडू नका.

हे डोस मोठ्या माणसांचे आहेत. तुमच्या हॉस्पिटलचा प्रोटोकॉल वेगळा असेल तर तो पाळा. कळंगुट-बागाकडून बुडालेला पेशंट आला तर श्वास आधी, कारण तिथे मूळ अडचण ऑक्सिजनची असते. रात्री पेडणे-वाळपईसारख्या ठिकाणी तिघेच असाल तर डॉक्टर डिफिब आणि अंबू सांभाळतील, एक जण दाबेल, एक जण औषध देऊन वेळ पुकारेल, आणि दाबणारा व अंबूवाला दर दोन मिनिटांनी जागा बदलतील. १०८च्या अँब्युलन्सने पेशंट आणला तर कॉम्प्रेशन सोडून बाकी सगळे अर्धा मिनिट गप्प राहून त्यांचं ऐका: केव्हा कोसळला, कोणी पाहिलं, किती शॉक, काय दिलं.