चर्च एकत्र आली तर खचलेली वस्ती खरंच सावरते का?

तुम्ही विचारलंय की ख्रिस्ती लोकांत इतके पंथ, एकमेकांच्या उपासनेलाही न जाणारी माणसं, मग ती एकत्र येऊन एखादी खचलेली वस्ती सावरू शकतात का, की ही नुसती व्यासपीठावरची भाषा?

सावरू शकतात. फक्त आधी एकी आणि मग काम असा क्रम कोणी सांगत असेल तर त्याचं फार मनावर घेऊ नका. मी पाहिलं ते नेमकं उलट.

मी मूळचा नगरकडचा, आजोबांपासून मिशनच्या मंडळीतला, म्हणजे प्रोटेस्टंट. नोकरीपायी वास्कोत आलो आणि इथलाच झालो. गोव्यात २०११ च्या जनगणनेप्रमाणे साधारण २५ टक्के लोक ख्रिस्ती आहेत, पण त्यातले बहुतेक कॅथलिक. त्यामुळे मी दोन्ही बाजूंनी परका. ख्रिस्ती असून मिसाला, म्हणजे कॅथलिकांच्या उपासनेला, न जाणारा, वर मराठी बोलतो म्हणजे घाटी. याचा पुढे उपयोगच झाला, कारण कुठल्याच बाजूचा नसलेला माणूस निरोप पोचवायला बरा पडतो.

आमचा वाडा डोंगराच्या उतारावर आहे. वरच्या अंगाला जुनी गोंयकारांची कौलारू घरं, पुढे बाल्कांव, म्हणजे दोन्हीकडे बसायचे सोपे असलेला ओटा. त्यातली बरीचशी कुलूपबंद. १९ डिसेंबर १९६१ च्या आधी गोव्यात जन्मलेल्यांना आणि त्यांच्या मुला-नातवंडांना पोर्तुगीज नागरिकत्व घेता येतं. त्या पासपोर्टवर तरुण पोरं बाहेर पडली, आमच्याकडची बहुतेक इंग्लंडात स्विंडनला. मागे राहिली म्हातारी माणसं. खालच्या अंगाला भाड्याच्या खोल्या, गदग-बागलकोटकडची कुटुंबं, पुरुष बंदरावर किंवा बांधकामावर, बायका घरकामाला. मधून एक गटार वाहतं, म्हणजे वाहायला हवं. वरचे म्हणायचे, खालचे कचरा टाकून तुंबवतात. खालचे म्हणायचे, वरच्यांचं सांडपाणी आमच्या उंबऱ्यात येतं. दोघांचंही खरं होतं. वर पैसा होता पण माणूस नव्हता, खाली माणसं होती पण त्यांना कोणी ‘आपलं’ म्हणत नव्हतं, आणि संध्याकाळी दोन्हीकडची पोरं एकाच बारच्या पायरीवर. वस्ती खचली होती म्हणतो ते या अर्थाने.

ख्रिस्ती तीन तऱ्हेचे. कॅथलिकांचा वाड्यावरचा समुदाय, ज्याला सगळे एससीसी (स्मॉल ख्रिश्चन कम्युनिटी) म्हणतात: तेर्स म्हणजे जपमाळेची प्रार्थना, खुरसाकडची म्हणजे क्रुसापुढची लादिन ही सामूहिक प्रार्थना, आणि सायबीण म्हणजे मारियामातेची मूर्ती घरोघर नेणं. आम्ही मूठभर प्रोटेस्टंट, रविवारी दुसऱ्या भागात उपासनेला जाणारे. आणि हार्डवेअरच्या दुकानावरच्या खोलीत जमणारे पेंटेकोस्टल, पवित्र आत्म्याच्या अनुभवावर भर देणारे. त्यांना इथे ‘बिलिव्हर्स’ म्हणतात, आणि कौतुकाने म्हणत नाहीत. खरी जखम तिथेच आहे, कारण त्यांच्यातले काही वरच्याच कॅथलिक घरांतून फुटून गेलेले. सामाईक भिंत असलेले दोन सख्खे भाऊ आहेत. सायबीण मोठ्याच्या घरी आली की धाकटा खिडक्यासुद्धा लावून घ्यायचा. आईच्या मर्णाला दोघे एकत्र उभे राहिले, ते तेवढंच.

आता कोणी म्हणेल, धर्मपंडितांनी आधी वाद मिटवावेत. ते मिटवतात हो, पण त्यांच्या चालीने. उत्तर भारतातल्या सहा मंडळ्या एक होऊन नागपूरला चर्च ऑफ नॉर्थ इंडिया उभं राहिलं ते १९७० साली, आणि त्याची बोलणी १९२९ पासून चालली होती. गटार इतकं थांबत नाही. मला त्याहून १९५२ मध्ये स्वीडनच्या लुंड शहरात झालेल्या वेगवेगळ्या चर्चच्या परिषदेने पुढे आणलेला प्रश्न जास्त कामाचा वाटतो: जिथे श्रद्धेतला खोल मतभेद वेगळं वागायला भाग पाडतो तेवढं सोडून बाकी सगळं आपण एकत्र का करू नये? कॅथलिक चर्चच्या दुसऱ्या व्हॅटिकन परिषदेनेही १९६४ च्या ऐक्यावरच्या आज्ञापत्रात सामाजिक कामातल्या सहकार्याचा मुद्दा स्पष्ट मांडलाय. म्हणजे परवानगी कधीचीच मिळालेली आहे, आपणच ती कपाटात ठेवली.

आमच्याकडे सुरुवात डेंग्यूने केली. एका पावसाळ्यात तो वर आणि खाली दोन्हीकडे शिरला. डासाला पंथ कळत नाही. गटारासाठी अर्ज करायचा ठरलं तेव्हा मी एवढंच म्हटलं की तिन्ही मंडळ्यांनी एकाच कागदावर सह्या कराव्यात. पाद्रींनी लगेच केली. पेंटेकोस्टल पास्टरांनी दोन-तीन दिवस घेतले, पण केली. मग पावसाआधीच्या साफसफाईला ज्याच्या घरी फावडं होतं तो आला. खालचे कन्नड बोलणारे हिंदू जास्त होते, आणि त्यांना असल्या कामाची सवयही जास्त.

खरी खडाजंगी झाली पुढच्या नियमावर: मदतीच्या जागी पत्रक नाही, प्रार्थना नाही, उपासनेचं आमंत्रण नाही. सध्या ख्रिस्ती माणसाने कोणाला मदत केली की धर्मांतराचा संशय आधी येतो, आणि तो संशय एकदा चिकटला की खालची बाई आपलं पोर वर पाठवणार नाही. पास्टर म्हणाले, “मग आम्ही आपल्या विश्वासाची साक्ष द्यायची कधी?” बैठकीला बसलेल्या एका निवृत्त शिक्षिका, सगळे त्यांना टीचरच म्हणतात, चष्मा पुसत म्हणाल्या, “रविवारी. तुमच्या खोलीत. जोराने दिली तरी चालेल, आम्हांला तशीही ऐकू येते.” पास्टरही हसले आणि नियम झाला. माझ्या मते सगळ्यांत महाग नियम हाच होता, आणि तो त्यांनी पाळला याचं श्रेय त्यांना दिलंच पाहिजे. आम्हां जुन्या मंडळ्यांना तो पाळायला काहीच किंमत पडली नव्हती.

टीचरच्या बाल्कांवात शिकवणी सुरू झाली. खालची मुलं सरकारी मराठी प्राथमिक शाळेत जातात, घरी कन्नड किंवा लमाणी. टीचर रोमी, म्हणजे रोमन लिपीतली, कोंकणी वाचणाऱ्या, देवनागरी त्यांना येत नाही. म्हणून गणित-इंग्रजी त्यांच्याकडे, मराठी माझ्या बायकोकडे, आणि विज्ञान बिलिव्हर्समधल्या एका नर्सकडे. बाल्कांवाच्या दोन्ही सोप्यांवर मुलं दाटीने बसतात, मधल्या पायरीवर पाटी, आणि पाढे चुकले की टीचर काठी लाल लादीवर आपटतात. मारत मात्र कोणालाच नाहीत.

परतफेड कोणी ठरवली नव्हती. इथे पोदेर सकाळी पाव दाराच्या कडीला अडकवून जातो. खालून कामाला वर येणाऱ्या बायकांनी आपणहून लक्ष ठेवायला सुरुवात केली: पिशवी उशिरापर्यंत तशीच लटकत असेल तर दार वाजवायचं. अशीच एक एकटी राहणारी म्हातारी न्हाणीघरात पडलेली वेळेवर सापडली. तिचा मुलगा स्विंडनहून रोज व्हिडिओ कॉल करायचा, पण कॉलला पावाची पिशवी दिसत नाही. आता तोच मुलगा शिकवणीच्या वह्यांचे पैसे पाठवतो, आणि आईचं एक बंद खोपटं त्याने पावसाळ्यात मुलांना बसायला उघडून दिलं.

तुमच्या प्रश्नात ‘शेजारप्रेम’ हा शब्द होता म्हणून एक सांगतो. अमेरिकेतल्या मिसिसिपीत जॉन पर्किन्स यांनी १९६० मध्ये आपल्या गरीब भागात परतून असं काम उभं केलं, आणि त्यांच्या सूत्रात पहिली पायरी होती तिथेच राहायला जाणं. समेट आणि साधनांची वाटणी हे त्यानंतर. बाहेरून गाडीतून धान्याची पाकिटं आणणारे आमच्याकडेही नाताळात येतात. वाईट नाही ते, पण पावाची पिशवी बघायला गाडीवाला नसतो. येशूने सांगितलेल्या चांगल्या शोमरोन्याच्या गोष्टीतही, जिथे एक शोमरोनी वाटेत लुटलेल्या परक्या माणसाला सावरतो, मला आवडतो तो शेवटचा व्यवहार. यहुदी आणि शोमरोनी यांचा वाद आराधना कुठल्या डोंगरावर करायची इथपर्यंत गेलेला, पण तो जखमी माणसाला ते विचारत नाही. सरायवाल्याच्या हातावर दोन दिनार ठेवतो आणि म्हणतो, जास्त लागले तर परत येईन तेव्हा देईन.

काय जमलं नाही तेही लिहितो, नाहीतर हे जाहिरातीसारखं वाटेल. दारू कमी झालेली नाही. खोल्यांचं भाडं वाढतंच आहे, आणि वस्ती थोडी नीट झाल्यावर जास्तच वाढलं. हा विचार आम्ही कोणीच आधी केला नव्हता. १८ ते २५ जानेवारीच्या ख्रिस्ती ऐक्य सप्ताहात आम्ही संयुक्त प्रार्थना ठेवली, तिला गटाराच्या साफसफाईपेक्षा कमी लोक आले. धाकटा भाऊ सायबिणीच्या वेळी खिडक्या अजून लावतो. मात्र वाटेतली स्कूटर आदल्या संध्याकाळीच काढून ठेवतो आणि वायरमन असल्यामुळे मोठ्याच्या दारातल्या दिव्यांची माळही तोच जोडून देतो. त्याला विचारलं तर म्हणतो, ते माझं कामच आहे.

तुमच्या भागात सुरू करायचं असेल तर बैठकीआधी एकच गोष्ट ठरवा: हिशेबाची वही कोणाकडे राहणार. कुठल्याही चर्चकडे नको. आमच्याकडे ती खालच्या खोलीतल्या एका लमाणी मावशीकडे आहे, जिचा नातू शिकवणीला येतो. मावशीला लिहिता येत नाही. नातू लिहितो, ती तोंडपाठ सांगते. महिन्यातून एकदा पाद्री, पास्टर आणि मी तिच्या ओट्यावर बसून ऐकतो, आणि पावती हरवलेली असेल तर ती तिघांपैकी कोणालाही सोडत नाही.