न्यूयॉर्कच्या नव्या ‘जुन्या वळणाच्या’ निवासी टॉवरवरचा दगड खरा असतो की नुसता चिकटवलेला? आणि मुंबईत असे टॉवर का होत नाहीत?

‘नुसता चिकटवलेला’ हे शब्द वाचले म्हणून लिहितोय. फसाडच्या, म्हणजे इमारतीच्या बाहेरच्या आवरणाच्या, कामात आर्किटेक्ट मंडळींकडून हा टोमणा कायम ऐकावा लागतो: दगड वजन घेत नाही, मग हे सोंग कशाला? मुंबईचं नंतर बघू, आधी हे निस्तरू.

मॅनहॅटनची वूलवर्थ बिल्डिंग घ्या. आर्किटेक्ट कॅस गिल्बर्टची, १९१३ ची, २४१ मीटर उंच. तिच्यावरची बहुतेक गॉथिक नक्षी टेराकोटाची, म्हणजे भाजलेल्या मातीची आहे आणि ती स्टीलच्या सांगाड्यावर टांगलेली आहे. एम्पायर स्टेटवरचा इंडियाना लाइमस्टोनही तसाच टांगलेला. भिंतींनीच वजन पेलणारी उंच इमारत बघायची तर शिकागोच्या मोनॅडनॉककडे जावं लागतं. ती १८९१ ची, आणि सतरा मजल्यांसाठी तळाची भिंत सहा फूट जाड. म्हणजे ज्या इमारतींना आपण ‘अस्सल’ म्हणतो त्यांचाही दगड अंगावर घातलेलाच होता. सोंग म्हणायचं असेल तर शंभर वर्षांपासूनचं म्हणा, एकट्या नव्या टॉवरना बोल लावू नका.

खरा फरक आहे तो जॉइंटमध्ये, आणि तिथे नवं काम जुन्यापेक्षा सरस आहे. वूलवर्थच्या टेराकोटात मजल्यागणिक हलायला जागाच सोडलेली नव्हती. भाजलेली माती हवेतला ओलावा घेऊन वर्षानुवर्षं किंचित फुगत जाते, सांगाडा वजनाने किंचित दबतो, आणि मधल्या चुन्या-सिमेंटच्या सांध्याला काही सोसत नाही. मग जो तुकडा वजन घेण्यासाठी नव्हताच, तो वजन घ्यायला लागतो आणि त्याचे कोपरे उडतात. भेगेतून पाणी आत जातं, तुकडे धरून ठेवणारे लोखंडी अँकर गंजतात, गंज मूळ लोखंडापेक्षा कितीतरी जास्त जागा मागतो आणि तुकडा आतून ढकलला जातो. १९७७ ते १९८१ च्या दुरुस्तीत वूलवर्थचे सुमारे २६ हजार तुकडे काढून त्यांच्या जागी काँक्रीटचे बसवावे लागले.

आता नव्या टॉवरचा हिशोब. आजचे बहुतेक निवासी टॉवर आरसीसीचे असतात, आणि आरसीसी कॉलम वजनाने, श्रिंकेजने (सुकून आटण्याने), क्रीपने (भाराखाली सावकाश दबत जाण्याने) पुढची काही वर्षं आखूड होत राहतो. साडेतीन मीटरच्या मजल्याला २ ते ३ मिलिमीटर धरा. त्यात स्लॅबच्या कडेची लवण, तापमान आणि बसवणीतली कसर मिळवली की शेल्फ अँगलखालच्या (मजल्याचा दगड पेलणाऱ्या स्टीलच्या पट्टीखालच्या) आडव्या जॉइंटला ६ ते ८ मिलिमीटर हालचाल सोसावी लागते. ड्रॉइंगवर मात्र सुबक दिसावा म्हणून १० मिलिमीटरचा जॉइंट काढलेला असतो. साधं सीलंट, म्हणजे जॉइंटमध्ये भरायचं रबरासारखं द्रव्य, जॉइंटच्या रुंदीच्या २५ टक्के हालचाल सोसतं, म्हणजे अडीच मिलिमीटर. संपलं. मजल्यागणिक एक जॉइंट २० मिलिमीटरचा ठेवा आणि ५० टक्क्यांचं सीलंट वापरा, मग १० मिलिमीटर मिळतात. वीस मिलिमीटरचा पट्टा डिझायनरला खुपतो. तो बाहेर काढलेल्या पट्टीच्या, म्हणजे स्ट्रिंग कोर्सच्या सावलीत टाकला की कोणाला दिसतही नाही. तीच पट्टी पाणी भिंतीपासून बाहेर टाकते. जिला नखरा म्हणून हिणवतात ती पट्टी इतकं काम करत असते, आणि ‘स्वच्छ रेषा’ म्हणून ती काढून टाकली की दहा वर्षांत खिडक्यांखाली काळे ओघळ दिसायला लागतात.

लाइमस्टोन ५० मिलिमीटरपेक्षा पातळ घेऊ नये, ७५ असेल तर कारागीर निवांत काम करतो. अँकर स्टेनलेस स्टीलचे, मागे निदान २५ मिलिमीटर मोकळी पोकळी, तिच्यामागे पाणीरोधक पडदा, आणि प्रत्येक शेल्फ अँगलवर फ्लॅशिंग (पाणी बाहेर वळवणारा पत्रा) व वीप होल (पाणी निघायची छिद्रं). दगडातून पाणी आत येणारच. ते बाहेर कसं काढायचं एवढंच आपल्या हातात असतं. साइटवर सगळ्यात जास्त नुकसान करते ती प्लास्टिकची शिम. दगड लेव्हलला धरायला ती जॉइंटमध्ये सरकवतात, वरून सीलंट मारतात आणि काढायला विसरतात. तो जॉइंट मग कागदावरच मऊ राहतो, वरचा दगड शिमेवर टेकतो आणि कोपरा फुटतो. सीलंट भरण्याआधी प्रत्येक जॉइंट पातळ पट्टी घालून तपासायला एक माणूस नेमा, त्याचा पगार वसूल होतो. आणि सिलिकॉन ‘नॉन-स्टेनिंग’ आहे हे त्याच दगडाच्या नमुन्यावर सिद्ध करून घ्या. साध्या सिलिकॉनमधलं तेल लाइमस्टोन पितो, जॉइंटच्या दोन्ही बाजूंना तेलकट किनार उमटते आणि ती धुऊन जात नाही.

टेराकोटाला वेळ लागतो. माती वाळताना आणि भाजताना मिळून साधारण ८ टक्के आटते, म्हणून साचे तेवढे मोठे करावे लागतात. उशिरा बदललेलं माप म्हणजे नवा साचा आणि काही महिने. रंगाचा एकच नमुना मंजूर करू नका. सगळ्यात फिकट, मधला आणि सगळ्यात गडद असे तीन शेजारी ठेवून मान्य करा, नाहीतर भट्टीगणिक वाद होतो. पूर्ण आकाराचा मॉक-अप करून त्याच्यावर विमानाच्या पंख्याने वारा आणि नोझलने पाणी १५ मिनिटं मारतात. गळती तिथेच सापडली पाहिजे.

आता डोळ्याला पटण्याचा भाग. जुन्या इमारतीत खिडकी भिंतीच्या २०० ते ३०० मिलिमीटर आत असते. खर्च कमी करायची बैठक बसली की पहिली कात्री इथे लागते, कारण खिडकी बाहेर आणली की फ्लॅटचा कार्पेट एरिया वाढतो. खिडकी जेमतेम ५० मिलिमीटर आत राहिली की सावली जाते आणि खरा दगड लावूनही इमारत मखराच्या थर्माकोलसारखी दिसते. दुसरा घोळ कोपऱ्याचा. दोन पातळ पाट्या कोपऱ्यावर जोडल्या की जाडी उघडी पडते. तिथे एकाच दगडातून कापलेला एल आकाराचा तुकडाच हवा. तिसरं, उभे पिअर (शेजारशेजारच्या खिडक्यांमधले भिंतीचे खांब) सलग वर गेले पाहिजेत आणि वरखालच्या खिडक्यांमधले स्पँड्रेल, म्हणजे भिंतीचे तुकडे, मागे व गडद हवेत. न्यूयॉर्कच्या १९३० च्या डेली न्यूज बिल्डिंगची उंची डोळ्यात भरते ती यामुळेच. स्पँड्रेल पिअरच्या पातळीवर आणला की मजले मोजता येतात आणि टॉवर बुटका वाटतो.

न्यूयॉर्कच्या आर्किटेक्ट रॉबर्ट स्टर्नच्या ऑफिसने हे नियम पाळले. १५ सेंट्रल पार्क वेस्ट, २००८, इंडियाना लाइमस्टोन. २२० सेंट्रल पार्क साउथ, सुमारे २९० मीटर, अलाबामाचा लाइमस्टोन. वूलवर्थजवळच्या ३० पार्क प्लेसवर बराचसा भाग प्रीकास्ट, म्हणजे आधीच साच्यात ओतलेलं काँक्रीट, आहे, आणि चाळीस मजले वर प्रीकास्ट की दगड हे खालून सांगून दाखवा. मला मात्र दुसऱ्या ऑफिसचा ‘१११ वेस्ट ५७ वा रस्ता’ हा टॉवर जास्त भावतो. ४३५ मीटर उंच, रुंदीच्या २४ पट. वाऱ्यासाठी पूर्व-पश्चिमेला काँक्रीटच्या जाड भिंती लागणारच होत्या, टेराकोटा आणि ब्राँझ नेमके त्याच भिंतींवर आहेत, उत्तर-दक्षिणेला काच. वर जाताना पिसांसारखे पायऱ्यापायऱ्यांनी मागे सरकणारे भाग १९१६ च्या झोनिंग कायद्यातल्या सेटबॅकची आठवण देतात. तेव्हा रस्त्यावर उजेड पडावा म्हणून सेटबॅक सक्तीचे होते. इथे ते वाऱ्याची लय मोडायलाही उपयोगी पडतात. ज्यांना ही नक्कल वाटते त्यांनी एकदा याचा प्लॅन समोर ठेवून बोलावं.

मुंबईचं थोडक्यात. मरीन ड्राइव्हचं आर्ट डेको आपल्याकडे आहे, पण ते पाच-सहा मजली, आरसीसी आणि प्लास्टरचं. ती नक्षी तशीच्या तशी चाळीस मजल्यांवर ताणून चालत नाही. दगड कमी नाही, पैसाही कमी नाही. आडवे येतात एसीचे आउटडोअर युनिट, बाहेरून उतरणारे पाइप, युटिलिटी बाल्कनी आणि स्लायडिंग खिडक्या. सलग पिअर मधेच तुटतो तो यांच्यामुळे. त्यावर जीआरसीची (काचतंतू घातलेल्या काँक्रीटची) कॉर्निस, म्हणजे नक्षीची कड, ठोकली तर तुमच्या ‘चिकटवलेला’ला माझी हरकत नाही. समुद्राजवळ अँकर ३१६ ग्रेडच्या स्टेनलेस स्टीलचेच हवेत; ३०४ खाऱ्या हवेत डागाळतं आणि खड्डे पडून खाल्लं जातं.

हेही खरं की हा सगळा अतिश्रीमंतांचा मामला आहे. २२० सेंट्रल पार्क साउथमधलं पेंटहाउस २०१९ मध्ये सुमारे २३.८ कोटी डॉलरला गेलं. मध्यम बजेटच्या टॉवरला मी लाइमस्टोन सुचवणार नाही. चांगलं प्रीकास्ट आणि खोल खिडकी पुरे.

फ्लॅट घेणार असाल तर बिल्डरला चार गोष्टी विचारा: अँकरचा ग्रेड, सीलंटची हालचाल-क्षमता, फसाड तपासायला गोंडोला (दोरांवरचा पाळणा) कुठून उतरणार, आणि टेराकोटाचे किंवा दगडाचे २ ते ५ टक्के जादा नग सोसायटीला मिळणार का. न्यूयॉर्कमध्ये सहा मजल्यांपेक्षा उंच इमारतीचं फसाड दर पाच वर्षांनी तपासून घेणं कायद्याने बंधनकारक आहे. १९७९ मध्ये वरून पडलेल्या तुकड्याने एका विद्यार्थिनीचा जीव गेला, त्यानंतर १९८० मध्ये हा नियम आला. तुमच्या इमारतीत ही तपासणी कोण करणार आणि कोणाच्या पैशाने, हे करारातच लिहून घ्या.